गोळी घ्यायची आहे, पण वजनाची धास्ती वाटते

वाचकांचे प्रश्न, मानसोपचारतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : मी ३८ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गेल्या दिवाळीनंतर वडील गेले. पुढे काही महिन्यांनी माझी झोप उडाली. पहाटे तीनला डोळे उघडतात, छातीत धडधडतं, उगाच रडू येतं. जेवण नकोसं झालं, वजन ५८ वरून ५१ वर आलं. फळ्याकडे तोंड करून उभी राहते आणि काय लिहायचं होतं तेच आठवत नाही. शेवटी मिस्टरांनी सोलापूरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डिप्रेशन आहे असं सांगून रात्री घ्यायला मिर्टाझापिन १५ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. घरी येऊन मोबाईलवर वाचलं तर सगळीकडे एकच, या गोळीने वजन वाढतं. माझ्या मोठ्या जाऊबाईंना अशाच डोक्याच्या गोळ्या चालू होत्या. दोन वर्षांत त्यांचं वजन १६ किलोंनी वाढलं आणि शुगरही निघाली. माझ्या आईलाही शुगर आहे. स्ट्रिप आणून कपाटात ठेवली आहे, अजून एकही गोळी घेतलेली नाही. मिस्टरांना वाटतं मी घेते आहे. काय करू? सोमवार आणि गुरुवारचा उपवास धरला तर वजन आटोक्यात राहील का? डॉक्टरांना विचारायची लाज वाटली. एवढ्या आजारात हिला बारीक राहायची पडली आहे, असं त्यांना वाटेल.
– एक शिक्षिका, बार्शी तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्राच्या शेवटापासून सुरुवात करते, कारण गोळीपेक्षा मला त्या लाजेची जास्त काळजी वाटते. ज्या बाईला वजनाची खरी भीती असते ती दवाखान्यात त्याबद्दल सहसा बोलतच नाही. मान डोलावते, चिठ्ठी घेते आणि पुढच्या वेळी येऊन सांगते, "काही फरक नाही हो डॉक्टर." मग डोस वाढतो नाहीतर औषध बदलतं, आणि मुळात पोटात गोळी गेलेलीच नसते. सांगलीत माझ्या ओपीडीत हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. तुमच्या आईला मधुमेह आहे, तुम्ही चाळिशीकडे आला आहात, त्यामुळे वजनाची चौकशी हा तुमच्या उपचाराचाच भाग आहे. आणि समजा, प्रश्न निव्वळ दिसण्याचा असता, तरी तो विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क होता. आरशात स्वतःकडे बघवेनासं झालं की मनाला उभारी येत नाही, हे आमच्या विषयात शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

आता औषधाबद्दल सरळ सांगते. हो, मिर्टाझापिनने भूक वाढते. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांमध्ये वजनाच्या बाबतीत ती बरीच वर बसते. त्याचं कारणही माहीत आहे. मेंदूतलं हिस्टामिन हे रसायन आपल्याला जागं ठेवतं आणि भुकेवर लगाम ठेवतं. ही गोळी हिस्टामिनचं काम अडवते. म्हणून झोप लागते आणि म्हणूनच भूकही लागते. न जेवणाऱ्या मुलांना सायप्रोहेप्टाडिनचं सिरप देतात ना, तेही याच वाटेने भूक आणतं. अमेरिकेत या गोळीच्या अधिकृत माहितीपत्रकात सुरुवातीच्या चाचण्यांचे आकडे दिलेले आहेत. १७ टक्के रुग्णांनी भूक वाढल्याचं सांगितलं, आणि ७.५ टक्के रुग्णांचं वजन मूळ वजनाच्या ७ टक्के किंवा त्याहून जास्त वाढलं. ज्यांना औषध नसलेली गोळी दिली होती त्यांच्यात इतकं वजन कुणाचंच वाढलं नाही. तेव्हा तुमची भीती निराधार नाही. पण शंभरातल्या नव्वदाहून जास्त जणांचं त्या काही आठवड्यांत तेवढं वजन वाढलं नव्हतं, हेही त्याच आकड्यात आहे. आणि ज्यांचं काहीच वाढलं नाही, ते लोक मोबाईलवर लिहायला बसत नाहीत.

मग डॉक्टरांनी हीच गोळी का दिली असेल? तुमचंच पत्र पुन्हा वाचा. पहाटे तीनला जाग, अन्नावरची वासना गेलेली, सात किलो वजन घटलेलं. अशा रुग्णाला झोप आणि भूक परत आणणारी गोळी निवडणं हा विचार करून घेतलेला निर्णय आहे. त्यांच्या जागी मी असते तर मलाही हा पर्याय आधी सुचला असता. हेच सात किलो आजारात कमी होण्याऐवजी वाढलेले असते, तुम्ही दिवसभर झोपून असता, गोडधोड खात असता, तर मी ही गोळी लिहिली नसती. औषधाचा जो गुण एकाला नको असतो, तोच दुसऱ्याला हवा असतो.

जाऊबाईंच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. 'डोक्याच्या गोळ्या' म्हटलं की त्यात फिट्सच्या, झोपेच्या, नैराश्याच्या, भास होण्यावरच्या अशा सगळ्या गोळ्या येतात. १६ किलो आणि शुगर हे ऐकल्यावर मला आधी ओलान्झापिनसारख्या औषधाची शंका येते. ती मुख्यतः वेगळ्या आजारांसाठी वापरतात आणि वजनावर, साखरेवर तिचा परिणाम मिर्टाझापिनपेक्षा बराच जास्त असतो. नाव कळल्याशिवाय त्यांचा अनुभव स्वतःला लावून घेऊ नका.

माझं म्हणणं असं की गोळी सुरू करा, पण आधी डॉक्टरांना एक फोन करा आणि दोन गोष्टी सांगा. पहिली, अजून गोळी घेतलेली नाही. हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. दुसरी, आईला मधुमेह आहे आणि वजनाची भीती वाटते. मग ते सुरुवातीलाच एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी), कोलेस्टेरॉल आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घेतील. थायरॉइड तर तशीही बघायला हवी, कारण ती मंदावली की उदासी, थकवा आणि विसरभोळेपणा तिच्यामुळेही येतो. मिस्टरांनाही सांगून टाका. ते रागावतील म्हणून लपवलं असेल, पण तुम्हाला सोलापूरपर्यंत घेऊन जाणारा माणूस हे समजून घेईल, असं मला पत्रावरून वाटतं.

पहिली गोळी शनिवारी रात्री घ्या. सुरुवातीला सकाळी डोकं जड राहतं, काहींना दुपारपर्यंत पेंग येते. रविवार घरी गेला की अंदाज येतो. गाडी चालवत शाळेत जात असाल तर पहिल्या आठवड्यात मिस्टरांना सोडायला सांगा. आणि गोळी कधी घ्यायची हे मी माझ्या रुग्णांना अगदी बारकाईने सांगते. जेवण झालं, ओटा आवरला, दार लावलं, अंथरूण टाकलं, की गोळी. साडेआठला गोळी घेऊन अकरापर्यंत टीव्हीसमोर बसलात तर नेमकी जागेपणी भूक खवळते आणि हात फरसाणाच्या डब्यात जातो. ही भूक पोटातल्या कालवाकालवीची नसते. गोडाची, तळणाची ओढ असते ती, आणि पोट भरलेलं असताना येते. ती आली की 'मी हावरट झाले' असं मनाला लावून घेऊ नका, ते औषधाचं काम आहे. एवढं ओळखता आलं तरी निम्मं काम होतं.

तोंड कोरडं पडणं हा या गोळीचा आणखी एक त्रास. लोक त्यावर सरबत, कोल्ड्रिंक, दहा वेळा चहा असले उपाय करतात आणि वजन वाढलं की गोळीला बोल लावतात. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास साखर आणि साधारण २०० कॅलरी झाल्या. स्टाफरूमच्या चहाची मोजदाद आपण कधी ठेवत नाही. जवळ पाण्याची बाटली ठेवा, बडीशेप ठेवा.

पहिले दोन-तीन आठवडे खाण्यावर कसलंही बंधन घालू नका, हे मुद्दाम सांगते आहे. तुम्ही आत्ता अशक्त आहात. आधी झोप येऊ दे, दोन घास गोड लागू देत. ५१ वरून ५८ पर्यंत वजन येणं म्हणजे तुमचं जे आजाराने नेलं ते परत मिळणं आहे. त्या सात किलोंसाठी मनाला त्रास करून घेऊ नका. कुणी "अंग धरलंस गं" म्हटलं तर "हो, आता जेवण जातं" एवढंच सांगा.

वजन आठवड्यातून एकदाच करा. रोज काट्यावर उभं राहणाऱ्या बायका पाण्याच्या फरकानेही घाबरतात. एकच काटा, ठरलेला वार, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहा. महिन्यातून एकदा शिवणकामाची टेप घेऊन बेंबीजवळ पोटाचा घेर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात, कारण भारतीय शरीरात चरबी आधी पोटावर येते आणि मधुमेह कमी वजनातही गाठतो. तुमच्या बाबतीत ५८ नंतर महिन्याला दोन किलोंच्या वेगाने वाढ दिसली किंवा काटा ६१ वर गेला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. ६१ म्हणजे तुमच्या मूळ वजनाच्या साधारण ५ टक्के वर. ही नोंद दोन-तीन महिन्यांत सोडूनही देऊ नका. ब्रिटनमधल्या जवळपास तीन लाख लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत वजन वाढण्याचा धोका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सर्वांत जास्त दिसला. म्हणजे बरं वाटायला लागून लक्ष ढिलं पडतं, नेमकी तीच वेळ सांभाळायची.

उपवासाचं म्हणाल तर सध्या नको. श्रद्धेचा भाग असेल तर देवाला नमस्कार करून जेवा. सोमवार-गुरुवार दिवसभर पोट रिकामं, संध्याकाळी तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाणे आणि बटाटा, आणि रात्री भूक वाढवणारी गोळी, हा मेळ वजन वाढवणाराच आहे. त्यापेक्षा सकाळी शाळेत निघण्यापूर्वी पोटभर खा. डब्यात भाकरीबरोबर मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, दुपारी ताक, रात्री पिठलं, डाळ किंवा अंडं. रात्रीच्या जेवणात प्रथिनं असली की ती दहा वाजताची ओढ कमी होते. भाताला शत्रू करू नका, वाटीने मोजून घ्या. आणि फरसाण, खारी, बिस्किटं यांचा डबा घरात भरूनच ठेवू नका. मुलांसाठी हवं तर लहान पुडा आणा. चालायला सुरुवात झोप बसल्यावर करा. ज्या बाईला अंघोळ करणंही डोंगराएवढं वाटतं तिला 'रोज पाऊण तास चाला' सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, जमेल तसं वाढवत अर्धा तास. चालण्याने सौम्य नैराश्यही उतरतं.

एवढं करूनही वजन वाढलं तर? तर गोळी बदलता येते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, बुप्रोपिऑन ही औषधं वजनाच्या दृष्टीने सौम्य आहेत. बुप्रोपिऑनने तर काहींचं वजन थोडं उतरतं. पण त्याने झोप आणखी बिघडू शकते आणि फिट्सचा त्रास असलेल्यांना ते देत नाहीत. म्हणजे तुमच्या आजच्या अवस्थेत ते पहिलं औषध म्हणून बसत नाही, पुढे बसू शकतं. बदल डॉक्टर करतील, हळूहळू करतील. तुम्ही एकदम बंद करू नका. झोपेचा फरक काही दिवसांतच कळेल, मनाचा फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला सहा ते आठ. बरं वाटल्यावरही सहा महिने तरी गोळी चालू ठेवावी लागते, नाहीतर आजार उलटतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी विचारते. पहाटे तीनला जाग येते तेव्हा मरणाचे विचार येतात का? येत असतील तर या पत्राचं उत्तर वाचून झाल्याबरोबर मिस्टरांना सांगा. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

प्रश्न : वय २९, पुण्यात आयटीत आहे. पॅनिक अटॅक आणि उदासीसाठी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम सव्वा वर्ष घेतो आहे. आता एकदम ठीक आहे, पण वजन ७ किलोंनी वाढलं. मे महिन्यात लग्न आहे. गोळी बंद केली तर तोवर वजन उतरेल का?
– वाचक, हिंजवडी

उत्तर : गोळीच्या वाट्याला सातही किलो येतील असं मला वाटत नाही. अमेरिकेत १ लाख ८३ हजार लोकांच्या नोंदींवरून २०२४ साली एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर एस्सिटालोप्राम घेणाऱ्यांचं वजन सर्ट्रालिन घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ०.४ किलोने जास्त होतं. फरक आहे, पण तो ग्रॅममध्ये. सरासरीत काही जणांची मोठी वाढ लपते हे खरं, तुम्ही त्यातले असू शकता. पण सव्वा वर्षात आणखी काय बदललं तेही बघा. आजारात अन्न जात नव्हतं आणि आता जातं, रात्री बाराला बाहेरून जेवण येतं, दिवसभर खुर्ची सुटत नाही, यांतलं काय काय आहे? टीएसएच आणि साखर तपासून घ्या.

सव्वा वर्ष ठीक असाल तर गोळी कमी करण्याचा विषय डॉक्टरांकडे काढायला हरकत नाही. फक्त लग्नाच्या तोंडावर नको. घरात पाहुणे, खर्च, जागरणं, आणि त्यातच औषध कमी होतंय, यात पॅनिक परत आलं तर तुम्हाला आणि होणाऱ्या पत्नीलाही ते फार जड जाईल. एका दिवसात बंद तर अजिबात करू नका. चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, विचित्र स्वप्नं असा त्रास होतो, आणि लोक त्यालाच आजार उलटला समजतात. डोस टप्प्याटप्प्याने, काही आठवडे किंवा महिने घेऊन खाली आणतात. मेपर्यंत गोळी आहे तशी ठेवा, रात्रीचं जेवण नऊच्या आत घ्या, जिने चढा, बाहेरचं जेवण कमी करा. त्याने दोन-तीन किलो उतरले तर ते टिकतीलही. आणि गोळीबद्दल होणाऱ्या पत्नीशी बोलला आहात का? अजून नसाल तर लग्नाआधी बोला. रोज रात्री तिच्यापासून लपवून गोळी घेण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये.

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे, कॉलेजला असते. सर्ट्रालिन चालू आहे. जाड होईन या भीतीने तिने ऑनलाईन आयुर्वेदिक वजन उतरवायच्या कॅप्सूल मागवल्या आहेत. वनस्पतींच्याच आहेत, मग चालतील ना?
– एक आई, नाशिक

उत्तर : आजपासून बंद करायला सांगा. अशा 'नैसर्गिक' पुड्या-कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन नावाचं औषध लपवून घातलेलं वेळोवेळी सापडलं आहे. हृदयाला धोका म्हणून ते २०१० मध्ये अमेरिका-युरोपातून मागे घेतलं गेलं, भारतातही २०११ मध्ये त्यावर बंदी आली. ते सर्ट्रालिनबरोबर पोटात गेलं तर मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. थरथर, दरदरून घाम, ताप, धडधड, गोंधळल्यासारखं होणं, यांतलं काही दिसलं तर तडक दवाखाना गाठा. जाताना कॅप्सूलची बाटली बरोबर न्या.

आणि जेवल्यावर ती लगेच बाथरूममध्ये जाते का, दार बराच वेळ बंद असतं का, नळ सोडलेला असतो का, याकडे न बोलता लक्ष ठेवा. खाऊन उलट्या काढण्याची सवय असेल तर तो वेगळा आजार आहे, त्याला वेगळा उपचार आहे. तिच्या डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे, कारण अशा मुलींना बुप्रोपिऑन देत नाहीत, फिट येण्याचा धोका असतो. तिला रागवू नका. सर्ट्रालिनने वजन किती वाढू शकतं हे डॉक्टरांनी तिला आकड्यांनिशी समजावून सांगावं, म्हणून पुढच्या भेटीला तुम्हीही तिच्याबरोबर जा, आणि निम्मा वेळ तिला एकटीला आत बसू द्या.